मानवशास्त्र शिकायचंय? हाडांपासून बोलीपर्यंतच्या विषयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर किंवा पदवीनंतर मानवशास्त्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक दरवर्षी जवळपास हेच प्रश्न विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिली आहेत.

मानवशास्त्रात नेमकं शिकवतात तरी काय?

माणूस शिकवतात. तो कुठून आला, त्याचं शरीर असंच का घडलं, तो कोणाला आपलं मानतो, कोणाशी सोयरीक करतो, मेलेल्या माणसाचं काय करतो, कोणती भाषा बोलतो आणि कोणासमोर ती बोलायला लाजतो. विषयाचे ढोबळ चार भाग पडतात: जैविक मानवशास्त्र, पुरातत्त्व, सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र आणि भाषिक मानवशास्त्र. आपल्याकडे हे चारही एका छपराखाली क्वचितच सापडतात. पुण्याचंच बघा. मानवशास्त्राचा विभाग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे, तर पुरातत्त्व आणि भाषाविज्ञान येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात. विद्यार्थ्याने दोन्हीकडे ये-जा ठेवावी, असं मी आग्रहाने सांगते.

समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यात फरक काय?

सामाजिक भागापुरतं पाहिलं तर सीमा धूसर आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. तिथे घडलेले गो. स. घुर्ये आणि त्यांचे विद्यार्थी दोन्ही विषयांत सहज वावरले. खरा फरक दोन ठिकाणी दिसतो. मानवशास्त्र माणसाचं शरीर सोडत नाही. कवटी, दात, रक्तगट, जनुकं हे सगळं अभ्यासक्रमात असतं. आणि ते कागदी प्रश्नावलीपेक्षा प्रत्यक्ष राहण्यावर जास्त विश्वास ठेवतं. हजार घरांतून फॉर्म भरून आणण्याऐवजी एका वस्तीवर महिनोन्‌महिने राहायचं, ही आमची रीत.

हाडं, जनुकं, लग्नं आणि भाषा एकाच विषयात कशाला? हे वेगवेगळे विषय नाहीत का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मला सगळ्यात महत्त्वाचाही हाच वाटतो. त्यासाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घेऊ.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. आपल्याकडे गडचिरोलीचे माडिया-गोंड, नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा अशा अनेक समाजांत हा आजार आढळतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं की मूल आजारी पडतं: सांधे दुखतात, रक्त कमी होतं, पुनःपुन्हा दवाखाना. एकाकडूनच आलं तर ते मूल फक्त वाहक राहतं, आणि अशा वाहकाला मलेरियाच्या घातक तापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात इतका त्रासदायक जनुक टिकून का राहिला, याचं उत्तर तिथे मिळतं.

पण गोष्ट जनुकापाशी संपत नाही. लग्नं ठराविक कुळींमध्ये आणि जवळच्या गावांतच होत असतील तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, म्हणजे नातेसंबंधांचे नियम माहीत हवेत. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत मोठ्या प्रमाणावर तपासणी चालू आहे. तपासणीचं कार्ड हातात आल्यावर वाहक मुलीची सोयरीक मोडते का, मुलाच्या बाबतीत मात्र तेच कार्ड कपाटात राहतं का, हे पाहायला त्या घरांत बसावं लागतं. आणि आरोग्यसेविका मराठीत जे समजावते ते माडिया बोलणाऱ्या आजीपर्यंत काय बनून पोचतं, हा भाषेचा प्रश्न आहे. एका लहान मुलाच्या दुखण्यात चारही भाग हजर असतात. डॉक्टर, समाजसेवक आणि भाषातज्ज्ञ यांनी आपापला तुकडा पाहिला तरी जोडणी कोणीतरी करायलाच हवी, आणि ती जोडणी शिकवणारा विषय म्हणून मी मानवशास्त्राकडे पाहते.

कला शाखेतून आलो तर चालेल का? बारावीला जीवशास्त्र लागतं का?

विद्यापीठावर अवलंबून आहे. दिल्ली विद्यापीठात पदवीचा विषय विज्ञान शाखेत येतो, त्यामुळे तिथे बारावीला विज्ञान लागतं. पदव्युत्तर पातळीवर मात्र बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दार उघडं असतं. कला शाखेच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला जनुकशास्त्र जड जातं. विज्ञानाच्या मुलांना दोन पानी निबंध जड जातो. दोघंही दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत सावरतात. थोडी संख्याशास्त्राची तयारी सगळ्यांनीच करून ठेवावी.

कुठे शिकता येतं?

महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएचडीसाठी ओळखला जातो. पुरातत्त्व किंवा भाषाविज्ञानाकडे कल असेल तर डेक्कन कॉलेज. राज्याबाहेर कोलकाता (देशातला या विषयाचा पहिला विद्यापीठीय विभाग तिथेच, १९२० च्या सुमाराचा), दिल्ली, हैदराबाद, लखनौ, रांची, सागर, पुद्दुचेरी आणि चंडीगडचं पंजाब विद्यापीठ ही नावं पाहावीत. नोकरी करता करता शिकायचं असेल तर इग्नूचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशपरीक्षा आणि जागा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्यासाठी विद्यापीठाचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

‘माणूस माकडापासून झाला’ हेच शिकवतात ना?

असं कुठलाही शिक्षक शिकवत नाही. आजचं माकड किंवा आजचा चिंपँझी आपला पूर्वज नाही. चिंपँझी आणि आपण यांचा एक सामाईक पूर्वज होता आणि त्यापासून आपल्या वाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. ते आपलं चुलत घराणं म्हणा.

या भागात सगळ्यात आधी एक समजूत मोडावी लागते. मोठा मेंदू आधी आला आणि मग माणूस दोन पायांवर उभा राहिला, असं पुष्कळांना वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या विद्वानांनाही तसंच वाटत होतं. म्हणून १९१२ मध्ये इंग्लंडातल्या पिल्टडाउन इथे मोठ्या मेंदूची, पण वानराच्या जबड्याची कवटी ‘सापडली’ तेव्हा अनेकांनी ती लगेच स्वीकारली. ती बनावट होती. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून, दात घासून, रंग देऊन ती तयार केलेली होती. हे सिद्ध व्हायला १९५३ उजाडलं. चाळीस वर्षं! आपल्याला हवं तेच समोर आलं की पारख किती सैल पडते, हे विद्यार्थ्याला शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

खरा क्रम उलटा निघाला. १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे ‘लुसी’चा सांगाडा मिळाला. वय सुमारे ३२ लाख वर्षं, मेंदू चिंपँझीपेक्षा फारसा मोठा नाही, पण गुडघा आणि कटी दोन पायांवर चालणाऱ्या जीवाची. टांझानियातल्या लाएटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या पाऊलखुणा तर त्याहून जुन्या आहेत. आधी चाल आली, मग हातात हत्यार आलं, मेंदू वाढला तो नंतर. आपल्या स्वतःच्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे, आज ज्ञात असलेले सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इऱ्हूद इथले, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे.

आणि मग प्राचीन डीएनएने चित्र पुन्हा हलवलं. निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीचा जनुकीय आराखडा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, साधारण दोन टक्के अंश निअँडरथलांचा आहे, असं त्यातून पुढे आलं. या कामासाठी स्वान्ते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकातलं जे चित्र आपण लहानपणी पाहिलं, रांगेत एकामागून एक ताठ होत जाणारी माणसं, ते विसरून जायला लागतं. अनेक मानवजाती एकाच वेळी पृथ्वीवर होत्या आणि त्यांची एकमेकांशी मुलंबाळंही झाली.

भारतात मानवी उत्क्रांतीचा काही पुरावा आहे का?

आहे, पण विचित्र प्रकारे विभागलेला. दगडी हत्यारं उदंड आहेत. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथली हत्यारं सुमारे १५ लाख वर्षं जुनी असल्याचं शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं. हत्यारं करणाऱ्यांची हाडं मात्र जवळजवळ नाहीत. भारतातला सर्वांत महत्त्वाचा जीवाश्म म्हणजे मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा इथे अरुण सोनकिया या भूवैज्ञानिकाला डिसेंबर १९८२ मध्ये मिळालेली कवटी. ती अर्धीच आहे. ती होमो इरेक्टस या प्राचीन मानवजातीची की त्यानंतरच्या एखाद्या आदिम मानवाची, यावर अजून एकमत नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे हत्यारांच्या थरात ज्वालामुखीची राख मिळाली, आणि तिच्या वयावरून अभ्यासकांत जोरदार वाद झाले. ज्या विद्यार्थ्याला काम शिल्लक असलेला विषय हवा आहे त्याने हा भाग निवडावा. इथल्या नदीकाठांवर हात लावायचं बरंच बाकी आहे.

हाडांवरून खरंच इतकं कळतं का?

वय, लिंग, उंचीचा अंदाज, लहानपणची उपासमार, खाण्यात धान्य किती होतं, कोणतं काम केलं, हे सगळं कमीअधिक खात्रीने कळतं. दातांच्या चकाकत्या आवरणावर आडव्या रेघा दिसल्या की त्या मुलाने वाढीच्या वयात मोठं आजारपण किंवा दुष्काळ सोसला, असं समजायचं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. का? मृताने परत येऊ नये म्हणून, किंवा कुठे जाऊ नये म्हणून, असे तर्क आहेत. खात्रीने कोणी सांगू शकत नाही. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी या सांगाड्यांचा तपशीलवार अभ्यास केला. पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे सगळं एसटीच्या अंतरावर आहे, याचं मोल ओळखावं.

मग ‘वंश’ शिकवतात का? आर्य-द्रविड वगैरे?

शिकवतात, पण ती कल्पना कशी उभी राहिली आणि कशी कोसळली, हे सांगण्यासाठी. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. नाकाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण काढून जातींची उतरंड वंशाने समजावता येते, असं त्यांचं म्हणणं. त्या मोजमापांचे डाग भारतीय मानवशास्त्रावर फार काळ राहिले. ते लपवण्यात अर्थ नाही.

या प्रकरणात आपल्याला अभिमान वाटावा असं एक नाव आहे, इरावती कर्वे. जन्म १९०५, म्यानमारमधला. घुर्यांच्या हाताखाली मुंबईत शिकून त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळातलं मोठं नाव. पुढे नाझींच्या वंशवादी धोरणांना त्यांच्या लेखनाने आधार पुरवला. गोऱ्या लोकांची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी अधिक असमान असते आणि त्यात त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसतं, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा काही फरक निघत नाही, असं त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, विशीतली मुलगी, समोर परीक्षक म्हणून तेच प्राध्यापक. मोजमाप जे सांगतं तेच लिहायचं, ही शिस्त तिथे दिसते, आणि मी प्रत्येक नव्या वर्गाला हे आवर्जून सांगते.

१९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं की माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असतो. कातडीच्या रंगावरून केलेले कप्पे जीवशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत. वंशवाद मात्र समाजात जिवंत आहे, म्हणून त्याचा अभ्यास सामाजिक भागात होतो.

नातेसंबंधांवर इतके तास का खर्च करतात? मामा-आत्या तर घरीच माहीत असतात.

घरचं माहीत असतं, म्हणूनच ते नियम आहेत हे दिसत नाही. पुष्कळ मराठी समाजांत मामाची मुलगी करायला हरकत नसते, उलट ती हक्काची मानतात. मावशीची किंवा चुलत्याची मुलगी मात्र बहीण. तिघीही रक्ताने सारख्याच जवळच्या. मग एक बायको होऊ शकते आणि दुसरी बहीण, हे कोणी ठरवलं? उत्तर भारतातल्या बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न हे पाप. दक्षिणेत काही ठिकाणी खुद्द मामाच भाचीशी लग्न करतो.

इरावतीबाईंनी देशभर फिरून, कुटुंबांच्या वंशावळी काढून आणि संस्कृत-प्राकृत ग्रंथ धुंडाळून १९५३ मध्ये या साऱ्याचा नकाशा मांडला: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. भाषा उत्तरेच्या कुळातली, सोयरिकीची रीत बरीचशी दक्षिणेशी जुळणारी. त्यात एकाच देवकाच्या घरांत लग्न न करण्याचे निर्बंध आमचे वेगळेच. आपण कोण, या प्रश्नाचं मला सगळ्यात पटणारं उत्तर मी या मांडणीत वाचलं. पुतळे आणि घोषणांपेक्षा लग्नाच्या याद्यांत महाराष्ट्र जास्त स्पष्ट दिसतो.

भाषेच्या भागात काय असतं? व्याकरण असतं का?

थोडं असतं: ध्वनी लिहून घ्यायची पद्धत, शब्द कसे घडतात, भाषांची कुळं कशी ठरवतात. त्यानंतर प्रश्न माणसांचे सुरू होतात. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं, कोणती बोली शाळेत ‘अशुद्ध’ ठरते, एखादी भाषा मुलांपर्यंत पोचायची का थांबते.

यासाठी महाराष्ट्राएवढी समृद्ध जागा शोधून सापडायची नाही. मराठी इंडो-आर्य. गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया, यवतमाळकडची कोलामी या द्राविडी. मेळघाटातली कोरकू मुंडा शाखेची, म्हणजे तिचे सगेसोयरे झारखंडात. आणि बुलढाण्यात जळगाव जामोदच्या आसपास बोलली जाणारी निहाली कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही. बोलणारे जेमतेम काही हजार. जगात अशा एकाकी भाषा मोजक्याच, त्यातली एक आपल्या राज्यात आहे आणि आपल्या बहुतेक पदवीधरांनी तिचं नावही ऐकलेलं नाही. हे मला मनापासून खटकतं.

दुसरं उदाहरण सांगलीच्या कुपवाडचं. आज ते महापालिकेच्या हद्दीत आहे, पण तेव्हा गाव होतं. भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला आणि कुपवाड हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. गावात मराठी, कानडी आणि उर्दू शतकानुशतकं शेजारी नांदल्या. घरात ज्याची त्याची भाषा, बाहेर एकमेकांच्या. परिणाम असा की तिन्हींचं वाक्य बांधायचं वळण इतकं एकसारखं झालं की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता यावं. शब्द मात्र प्रत्येकाने आपले राखले. शेजाराने व्याकरण बदलतं, पण ओळख शब्दांत सांभाळली जाते. इंग्लंड-अमेरिकेतला विद्यार्थी कुपवाड शिकतो. मिरजेच्या विद्यार्थ्याने तर ते शिकायलाच हवं.

मानवशास्त्र म्हणजे आदिवासींचा अभ्यास, हे खरं का?

एके काळी बरंचसं खरं होतं. आज नाही. इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या आणि दिंडीत जातीनुसार वेगळं शिजणारं अन्न पाहून अस्वस्थ झाल्या, ते त्यांनी लिहिलं. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली. पुनर्वसन कागदावर आणि माणसांच्या आयुष्यात किती वेगळं असतं, हे त्यातून पुढे आलं.

कैलाशचंद्र मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांचं कामही विद्यार्थ्यांना फार आवडतं. दख्खनच्या पठारावर फासेपारधी, वैदू आणि तिरमल नंदीवाले हे तीन भटके समाज एकाच मुलखात शिकार करत. पण पारधी फासे लावून हरणं, मोर, तितर धरत. वैदू सापळ्यांत मुंगूस, उदमांजरासारखे छोटे प्राणी पकडत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर आणि घोरपड मिळवत. शिकार वाटली गेली होती, त्यामुळे संघर्ष कमी होता. मानवशास्त्रज्ञ आणि पर्यावरणशास्त्रज्ञ एकत्र आले म्हणून हे दिसलं. आता हेच शिक्षण घेतलेली मुलं रुग्णालयं, कारखाने, मोबाइल अ‍ॅप वापरणारी घरं, परदेशातली मराठी मंडळं यांचा अभ्यास करतात.

फील्डवर्क कसं असतं? मुलींना अडचण येते का?

मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिले, तिथली भाषा शिकले, आणि तेव्हापासून हीच कसोटी ठरली. पदव्युत्तर वर्गात काही आठवड्यांचं क्षेत्रकार्य असतं. पहिले काही दिवस काहीच घडत नाही. लोक तुम्हाला सरकारी माणूस समजतात आणि रेशन कार्डाची तक्रार सांगतात. ती ऐकून घ्यावी. वही लगेच बाहेर काढू नये. रोज रात्री, कितीही थकलात तरी, दिवसभराचं लिहून ठेवावं. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं.

मुलींच्या बाबतीत घरची काळजी खरी आहे. गट करून जाणं, राहायची जागा आधी पाहून ठेवणं, मार्गदर्शकाला रोज कळवणं, हे पाळलंच पाहिजे. पण चूल, बाळंतपण, माहेरपण या दालनांत पुरुष संशोधकाला कधीच सहज जाता येत नाही. जानेवारी १९९१ मध्ये अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर, बाहेरच्यांना दूर ठेवणाऱ्या तिथल्या आदिवासींशी जो मैत्रीपूर्ण संपर्क झाला, त्या पथकात भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाच्या मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. पाण्यात उभं राहून नारळ हातात देण्याइतका विश्वास तेव्हा निर्माण झाला.

लोकांच्या आयुष्यात असं डोकावणं योग्य आहे का?

हा प्रश्न स्वतःहून विचारणारा विद्यार्थी मला लगेच आवडतो. उत्तर सेंटिनेलच्या त्या मोहिमा पुढे सरकारने थांबवल्या. बाहेरच्या साध्या सर्दी-गोवरानेही तो समाज नष्ट होऊ शकतो, आणि न भेटण्याचा त्यांचा हक्क आहे. मी तो निर्णय योग्य मानते.

आपल्या विषयाने नुकसानही केलं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाज जन्माने गुन्हेगार ठरवले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. त्या काळच्या जाती-जमातींच्या वर्णनांनी असल्या समजुतींना शास्त्राचा मुलामा दिला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर आजही पोलीस आधी येतात. म्हणून नियम कडक आहेत: समजेल अशा भाषेत संमती घ्यायची, नावं बदलायची, रक्ताचा किंवा लाळेचा नमुना ज्या कामासाठी घेतला त्याशिवाय वापरायचा नाही, आणि लिहिलेलं त्या लोकांना वाचून दाखवायचं. शेवटचा नियम कागदावर सक्तीचा नाही. माझ्या मते असायला हवा.

नोकरी मिळते का?

अभियांत्रिकीसारखी थेट प्लेसमेंटची रांग नाही, हे आधी सांगते. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था १९४५ पासून आहे, मुख्यालय कोलकात्यात आणि एक प्रादेशिक केंद्र नागपुरात. पदं आणि शिष्यवृत्त्या निघतात, पण जागा थोड्या. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालयं, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प, पुनर्वसनाचे सामाजिक परिणाम अहवाल, स्वयंसेवी संस्था, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, कंपन्यांमधलं ग्राहक-संशोधन, या वाटा आहेत. अध्यापनासाठी नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. ज्यांना मराठीशिवाय गोंडी, भिली किंवा कोरकू येते, त्यांना काम आधी मिळतं. आदिवासी समाजातल्या मुलामुलींनी या विषयात यावं असं मला फार वाटतं, कारण आजवर त्यांच्याबद्दल बहुतेक लेखन दुसऱ्यांनीच केलं आहे.

यूपीएससीसाठी घ्यावा का?

ऐच्छिक विषय म्हणून लोकप्रिय आहे: २५० गुणांचे दोन पेपर, अभ्यासक्रम आटोपशीर. २०१७ च्या परीक्षेत देशात पहिले आलेले अनुदीप दुरिशेट्टी यांचा ऐच्छिक विषय हाच होता. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. फक्त परीक्षेसाठी म्हणून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करू नका. ऐच्छिक विषयाला पदवीची अट नाही.

मराठीतून वाचायला काय मिळेल?

संशोधनाची भाषा इंग्रजी आहे, ती टाळता येणार नाही. पण सुरुवात मराठी विश्वकोशातल्या नोंदींनी करा. त्या इंटरनेटवर मोफत आहेत. इरावती कर्व्यांचं मराठी लेखन विषयाची गोडी लावायला पुरेसं आहे.

प्रवेश घेण्याआधी स्वतःची पारख कशी करावी?

पुण्यात असाल तर आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय पाहा, विदर्भात असाल तर नागपूरचं सर्वेक्षण केंद्र. भोपाळला जाणं झालं तर शामला टेकडीवरच्या मानव संग्रहालयाला पूर्ण दिवस द्या.

घरात बसून करायचं कामही सांगते. चार पिढ्यांची वंशावळ काढा. आजोबांपासून नव्हे, आजीपासून सुरुवात करा, आणि बायकांची माहेरची नावं, माहेरची गावं, लग्नाच्या वेळचं वय, देवक, घरात बोलली जाणारी बोली हे सगळं टिपा. जगली नाहीत ती मुलंही धरा. बहुतेक घरांत पुरुषांची ओळ सात पिढ्या मागे जाते आणि पणजीचं नाव कोणालाच सांगता येत नाही. ते नाव शोधायला मावशीला फोन, मग दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला फोन, मग तिथे प्रत्यक्ष जाणं, असं करावंसं वाटलं तर फॉर्म भरा.